कुठे भेटतो

प्रिय हरिता,

वडामाच्या पापड्यांच्या डब्यात तळाशी कागद बघून दचकू नकोस. फोन केला नाही, तुझा फोन आधी चेतन जावईच उचलतात. आणि मुद्दाम देवनागरीत लिहिते आहे. त्यांना आपलं घरचं मराठी बोलता येतं, पण वाचता फक्त तमिळ येतं.

दिवाळीला आलीस तेव्हा एक वही विसरलीस. परवा कपाट पुसताना हाती लागली. दुसऱ्याचं वाचू नये, कळतं मला. पण वर 'शत्रू' असं लिहिलेलं, खाली एकतीस नावं, पुढे रकाने: बळ किती, कुठे भेटतो, कशाला भितो. कोण गं एवढे तुझ्या वाईटावर? तशीच मुरुगनच्या देवळात गेले, शत्रुसंहाराची अर्चना सांगितली, यादी पुढे केली. पूजा करणारे गुरुक्कळ म्हणाले, "अम्मा, यात माणसाचं नाव एकही नाही!"

वही बघून मुरलीमामा तर पोट धरून हसला. "अक्का, आमच्या लहानपणच्या जुन्या व्हिडिओ गेममधले राक्षस हे. बनवणाऱ्यांनी रूप दिलं, बळ दिलं, पण वाटेवर ठेवायचेच राहिले. खेळणाऱ्याला ते कधी दिसत नाहीत, आत नुसते पडून असतात. ही पोरगी त्यांना हुडकून काढते." तरीच 'कुठे भेटतो' खाली सगळीकडे तू 'कुठेच नाही' लिहिलंस. मीही हसले. नारळ वाया गेला म्हणून जरा हळहळलेसुद्धा.

मग रात्री पान उलटलं. मागे एकच नाव होतं, बत्तिसावं. चेतन. कुठे भेटतो: स्वयंपाकघरात. कशाला भितो, तो रकाना कोराच.

तव्याने हात भाजला म्हणून तू दोनदा सांगितलंस, आणि मी म्हणाले खोबरेल लाव. पोंगलला तो पाया पडला तेव्हा तोंडभरून आशीर्वाद दिला मी. आता जप करताना माळ पुढे सरकत नाही. कुकरची शिट्टी झाली तरी उठून दाराकडे जाते.

मुरलीमामा डबा घेऊन आलाय तो तुला न्यायला. चेतनसमोर म्हणेल, अक्काला बरं नाही. खोटं आहे, मी धडधाकट आहे. त्या खोट्याची क्षमा मी देवाकडे आधीच मागून ठेवली आहे. कपडे, दागिने, काही घेऊ नकोस. मामा कॉफी पिईपर्यंत हे वाच, फाडून टाक, आणि तो उठला की चप्पल घालून त्याच्या पुढे नीघ.

वाटेकडे डोळे लावून बसलेली,
तुझीच आई