अख्ख्या विमानाची सही

१२ मे
पोचले एकदाची काराबाऊला, या आडरानातल्या धावपट्टीवर. विमान चिखलात असं दणकन उतरलं की माझ्या मांडीवरची कोंबडीची टोपली पुढच्या माणसाच्या डोक्यावर. तो हसला, मग मीही हसले. खोली कोरडी आहे, चूल चांगली पेटते, आणि हुकूम सोडायला मालकीण नाही. काम एवढंच, विमानं दुरुस्त करायच्या हँगरमधल्या तीन इंजिनियरांना जेवायला घालायचं. चौथीपर्यंतच शिकले, अक्षर वाकडंतिकडं आहे, पण रोज लिहिणार. मागच्या घरी साखर चोरल्याचा आळ आला होता. आता काय शिजवलं आणि कोणी खाल्लं, सगळं लिहिलेलं असेल.

आज कुक-अप केला. भात, चवळी, नारळाचं दूध. कॉम्प्टनने तीनदा वाढून घेतला आणि म्हणाला, मावशी, आधीची बाई दगड शिजवायची. तिशीचा घोडा आहे, पण तोंड शाळकरी पोराचं.

१४ मे
इथली तऱ्हा कळली. सगळ्यात वरचा सुखलाल साहेब. इंजिन आणि विमानाचा सांगाडा त्याचा, त्याच्या लायसन्सला हे बी-वन म्हणतात. चष्मेवाला ट्रॉटमन बी-टू, म्हणजे वायरी, रेडिओ, घड्याळं. कॉम्प्टन नुसता ए. चाक बदल, दिवा बदल, आणि सही फक्त स्वतःच्या हाताने केलेल्या तसल्या बारक्या कामावर. एकाने दुसऱ्याच्या कामावर सही करायची नाही. मी म्हटलं, माझ्या चुलीवर हा कायदा आला तर भात एकाने शिजवायचा, मीठ दुसऱ्याने टाकायचं आणि झाकण काढायला थेट राजधानीहून, जॉर्जटाउनहून साहेब यायचा. ट्रॉटमन म्हणाला, तो झाकणवाला साहेब खरंच असतो. त्याला सी म्हणतात. मोठी तपासणी झाली की अख्ख्या विमानाची सही त्याची.

इथला सी कुठाय विचारलं. सुखलालने रस्सा मागितला.

१७ मे
कॉम्प्टनच्याच पोटात राहिलं नाही. कांदे सोलता सोलता बोलला. इथला सी वॉल्रॉन्ड म्हणून होता, फार कडक. मागच्या पावसाळ्यात एका विमानावर सही करीना. त्याच्या पाठीमागे दुसऱ्याच कोणी सही ठोकली, आणि त्याला सांगितलं की जॉर्जटाउनहून दुसरा सी येऊन बघून गेला. त्याच विमानातून तो घरी निघाला. विमान डोंगरावर आदळलं. हाडंसुद्धा पुरती मिळाली नाहीत. सही कोणी केली विचारलं तर कॉम्प्टन म्हणे, मावशी, कांदा जळतोय.

जळत नव्हता.

२१ मे
मोठ्या तपासणीला विमान आलंय. सगळं उघडून ठेवलंय, कापलेल्या डुकरासारखं. जो भाग बाद ठरतो त्याला लाल चिठ्ठी बांधायची आणि जाळीच्या खोलीत कुलपात टाकायचा. तिथून काही परत बाहेर काढायचं नाही, असा नियम.

आज सुखलालने तिथूनच इंधनाचा पंप काढला. चिठ्ठी कापली, पंप पुसला, कॉम्प्टनला बसवायला लावला आणि म्हणाला, तू बसवलास, तूच सही कर. कॉम्प्टन म्हणाला, साहेब, इंजिनाची सही माझी नाही. सुखलाल म्हणाला, मग नोकरीही तुझी नाही. केली सही.

दुपारी जेवायला हाक मारायला गेले तर पंखाखाली तपकिरी कोटातला माणूस बसलेला. भर उन्हात हातात टॉर्च. मी म्हटलं, अहो, गिळायला चला, गार होतंय. वळला नाही. मी चौथं ताट मांडलं. सुखलालने ते उचलून बाहेर भिरकावलं, जेवणासकट.

२२ मे
कॉम्प्टन झोपेतून उठला तर उजव्या हाताच्या अंगठ्याला लाल चिठ्ठी, तारेने बांधलेली. वर अक्षर: बाद. तो ट्रॉटमनवर ओरडला, असली थट्टा तुझ्या बापाची कर. ट्रॉटमनने अक्षर पाहिलं, चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. म्हणाला, हे वॉल्रॉन्डचं अक्षर आहे. मी कालचा तपकिरी कोटवाला सांगितला, तर म्हणाला, तो कोटही त्याचाच.

चिठ्ठी कापून टाकली. जेवणापर्यंत अंगठा काळा. टोचलं तरी कळेना.

२५ मे
पाऊस लागला. रस्ता पाण्याखाली. आता जायचं तर विमानानेच.

सांगाड्याला चीर आहे. सुखलाल तिकडे फिरकतच नाही. ट्रॉटमनला म्हणाला, तू बघ आणि ठीक आहे असं लिही. ट्रॉटमन म्हणाला, मी वायरवाला आहे. सुखलाल म्हणाला, डोळे आहेत ना.

लिहिलं त्याने.

२६ मे
ट्रॉटमनच्या चष्म्याच्या दोन्ही काड्यांना चिठ्ठ्या. सकाळी वाचता येत होतं. दुपारी मला विचारत होता, बाई, दिवे का घालवले.

सूर्य डोक्यावर होता.

मला आता समजलं. ज्याने हाताने केलं त्याचा हात. ज्याने बघून सांगितलं त्याचे डोळे. आणि सुखलालच्या अंगावर एक चिठ्ठी नाही. कशी असेल? तो फक्त स्वतःच्याच कामावर सही करतो. बाकीचं दुसऱ्याला करायला लावतो.

२८ मे
कॉम्प्टनचा हात कोपरापर्यंत काळा पडला. वास येतो. मी धुते, तो म्हणतो, मावशी, एवढं घासू नकोस, भांडं नाही ते. मग रडतो. जॉर्जटाउनला नेलं, हात कापला तर जगेल.

विमान तयार उभं आहे. पायलट फ्रेटस म्हणतो, सी-ची सही दाखवा, लगेच उडतो. सी आहे कुठे इथे?

३० मे
काळं आता खांद्याला लागलंय.

सुखलाल स्वयंपाकघरात आला. कधी येत नाही. सी-च्या सहीवर मारायचा वॉल्रॉन्डचा शिक्का चुलीजवळ ठेवला. गोड बोलला. म्हणाला, बाई, त्याचं भांडण लायसन्सवाल्यांशी. तुझ्याकडे लायसन्सच नाही, तो तुझं काय काढून घेणार? आणि तो पोरगा तुला मावशी म्हणतो.

मी म्हटलं, मग तूच कर. म्हणाला, माझं लायसन्स सी-चं नाही.

म्हटलं, माझंही नाही. त्याने तपासणीचा कागद पुढे सरकवला.

पटलं नाही. पण कॉम्प्टन कण्हत होता, आणि माझ्याच्याने ते ऐकवेना. शिक्का मारला. खाली सही केली. फ्रेटसने दुरून कागद पाहिला, शिक्का दिसला, म्हणाला चला.

हात पाहिले. काही नाही. डोळे ठीक. काही नाही.

३१ मे
विमानात. कॉम्प्टन माझ्या खांद्यावर. ट्रॉटमन मागे. एक बाई तान्हं बाळ घेऊन चढलीय, लस द्यायला नेतेय. सुखलाल खाली उभा राहून हात हलवत होता. येत नाही म्हणाला, कामं आहेत.

ट्रॉटमनने विचारलं, सी-ची सही कोणी केली. मी सांगितलं. तो किंचाळला. म्हणे, वॉल्रॉन्डच्या विमानावरही स्वयंपाकाच्या बाईचीच सही होती. सुखलालनेच घेतली. तीही त्यातच बसली होती —

मला कोणी का नाही सांगितलं? कॉम्प्टन खाली बघतोय. म्हणतो, मावशी, तू केली नसतीस तर मी मेलो असतो.

खालून खडखड येतेय. पंपाच्या बाजूने.

अंग चाचपलं. बोटं, कान, गळा. चिठ्ठी नाही. मला काही नाही. सुखलाल म्हणाला तसंच, मला काही —

थोड्या वेळाने
पुढे कोणी उभं आहे. तपकिरी कोट. फ्रेटसला दिसत नाही. वाकून त्याच्या मानेभोवती तार —

आता ट्रॉटमन.

ओरडले. त्याने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. दोष कोणाचा याच्याशी त्याला घेणं नाही. सही कशावर, तेवढंच बघतो. टॉर्च मारतो, बघतो, बांधतो, पुढच्याकडे —

बाळाच्या पायाला —

नको. अहो, ते बाळ आहे, त्याचं काय —

एक इंजिन बंद. आई बाळाचा पाय चोळतेय, लाल काय लागलं म्हणून.

कॉम्प्टनच्या गळ्यातही. तो चिठ्ठी हातात धरून वाचतोय. शांतपणे विचारतोय, मावशी, नक्की कशावर सही केलीस तू?

मी म्हटलं, अख्ख्या विमाना —