निर्वातचा टोप

१८ एप्रिल १९७९
निफाड. माझ्या 'निर्वात' सिनेमाच्या भाग ३ चं शूटिंग. छाटणी झालेला द्राक्षमळा, नुसते खुंट, खांब आणि तारा. परग्रह म्हणून आयता मिळाला. दुपारी दीडला निर्वातचं काम करणारा सुदाम तोंड झाकणाऱ्या टोपासकट गुडघ्यांवर बसला. सगळे धावले. मी ओरडलो, "कुणी हात लावायचा नाही! आधी शॉट, मग टोप!" निर्वात कोसळतो असं कथेत नव्हतं. आता आहे. झकास आलंय. टोप काढला तेव्हा सु.चं तोंड भाजलेल्या वांग्यासारखं. आमच्या सौ.नं, कुसुमनं, त्याच्या डोक्यावर कळशी ओतली आणि माझ्याकडे असं बघितलं, जणू ऊन मीच पाडलं होतं.

३ जून १९७९
डबिंग संपलं. अंग सुदामचं, गळा माझा, पहिल्या भागापासून. गडी चांदवडच्या शाळेत शिपाई. परग्रहावरचा माणूस 'लय' आणि 'नाय' म्हणायला लागला तर लोक त्याला कांद्याचा भाव विचारतील.
नामावलीत नेहमीप्रमाणे 'निर्वात : स्वतः'. कु. म्हणाली, "एकदा तरी सुदामचं नाव टाका हो." म्हटलं, आत शाळेचा शिपाई आहे हे कळलं त्या दिवशी निर्वात मेला. तोंड दिसायचं नाही, नाव कळायचं नाही. बाकी सगळं बदला, हे दोन सोडून. टोप माळ्यावर, पेटीत. किल्ली जानव्याला.

९ नोव्हेंबर १९८२
भाग ४, पहिला खेळ. शिट्ट्या, गर्दी, बाहेर धक्काबुक्की. मध्यंतरात दारातच सुदाम बापाला घेऊन उभा. चांदवडहून एस.टी.नं आलेले. म्हाताऱ्याचं धोतर कोरं, घडी मोडलेली दिसत होती. "जयभीम सायेब." मी मान हलवली. सु. म्हणाला, "साहेब, आमच्या दादांना पटत नाय. गावात लोकं हसता. तुम्ही फक्त येवढं सांगा, आत मी हाय म्हणून."
भोवती माणसं, वितरक, एक पेपरवाला.
मी म्हणालो, "कोण आपण?"
म्हातारा त्याच्या दंडाला धरून म्हणाला, "चल रे. सायबांना कशाला तरास देतो." मध्यंतरानंतर त्यांच्या दोन खुर्च्या रिकाम्या होत्या.
करायलाच हवं होतं. हो म्हटलं असतं तर उद्या पेपरात छापून आलं असतं. कु. पेढ्यांचा डबा घेऊन शेजारीच उभी होती, तिनं सगळं ऐकलं. मला जेवण गेलं नाही, हेही खरं.

२ मार्च १९८४
सुदामचा बाप गेला. कु. एकटीच चांदवडला जाऊन आली. शेवटपर्यंत म्हाताऱ्याला वाटत होतं, पोरगा थापा मारतो. मी म्हणालो, "आता सांगून तरी काय उपयोग?" ती म्हणाली, "तुम्हाला कुणी सांगितलंय सांगायला?"
फार लागलं. लागायला नको होतं.

१४ जानेवारी १९८५
भाग ५ माझा लिहून तयार. करारपत्र कु.पुढे ठेवलं. "इथे सही कर." दहा वर्षं करतेय, न वाचता. आज चष्मा लावून वाचायला बसली. पान उलटलं, परत मागे गेली. मग म्हणाली, "नाही करणार. पाचवा भाग मी लिहिलाय. सुदामचं तोंड दिसणार त्यात."
मी हसलो. म्हणालो, "तू? तुला वाण्याची यादी लिहिता येत नाही धड."
"संस्था कुणाच्या नावावर आहे?"
तिच्या. संस्था काढली तेव्हा मी सरकारी नोकर, धंदा करायला बंदी. ऑफिसात सगळ्यांचंच बायकोच्या नावावर. कुणाची पिठाची गिरणी, कुणाची रिक्षा, माझा निर्वात. नोकरी सोडली ८० साली, नाव बदलायचं राहिलं. राहिलं कसलं, सुचलंच नाही. बायकोच्या नावावर म्हणजे आपलंच, असं कोण धरत नाही?

१८ जानेवारी
वकिलाकडे. सगळे कागद वाचले त्यानं. कथा : सौ. कुसुम. पटकथा : सौ. कुसुम. निर्माती : सौ. कुसुम. सगळं माझ्याच अक्षरात, परवानगीची भानगड नको म्हणून. म्हणाला, "साहेब, तुम्ही यात कुठंच नाही."
"दिग्दर्शन?"
"ते वहिनी दर वेळी कुणालाही देऊ शकतात."
चहा मागवला होता त्यानं. न पिता उठलो.

२७ जानेवारी
तिला म्हटलं, माझं आयुष्य आहे ते. म्हणाली, "माहीत आहे. सुदामचंही होतं." वर म्हणाली, सुदामला विचारलं तेव्हा तो नकोच म्हणत होता, 'साहेबांना वाईट वाटंल.' मला त्याचा राग आला. वाईट माणूस असता तर सोपं गेलं असतं.

२ फेब्रुवारी
टोप फोडला. अंगणात, हातोड्यानं, दिवसाढवळ्या. तांबट आळीतल्या ज्या म्हाताऱ्यानं घडवला तो वारला, दुसरा कुणी करणारा नाही. टोप नाही तर निर्वात नाही. बस म्हणावं लिहीत. पहिले चार-पाच घाव फार बरं वाटलं.
कु. बाहेर आली. पदराला हात पुसत बघत राहिली. मला वाटलं रडेल. म्हणाली, "बरं झालं. टोप तो कुणासमोर आणि कसा काढेल, हेच मला जमत नव्हतं. आता पहिल्यापासून उघड्याच तोंडानं येईल." तुकडे गोळा करून मोडीत दिले.
माझ्याच हातानं मी. माझ्याच.

२१ मार्च
शूटिंग, इंदिरानगरच्या पलीकडच्या माळावर. जायचं नव्हतं. गेलो. कॅमेऱ्यामागे ती, खुर्चीत नाही, उभी. बघ्यांच्या गर्दीत मी. सुदाम लांबून चालत आला. काळा, देवीचे व्रण, कपाळावर टोपाचा जुना वळ. एक बाई कडेवरच्या पोरीला म्हणाली, "बघ, बघ, निर्वात आला!" म्हटलं, कशावरून? तर म्हणे, "चालतो ना तसा!"
दहा वर्षं मी जे झाकलं ते त्या बाईनं दहा पावलांत ओळखलं. आणि कुणाचाही निर्वात मेला नाही. पोरी शिट्ट्या मारत होत्या. जळलो मी, अगदी आतून.
सु.नं मला पाहिलं. लांबूनच हात जोडले. मी मान फिरवली आणि रिक्षा शोधायला लागलो.

९ जून
कु. म्हणाली, "आवाज तुमचाच लागेल."
"का? त्याचं तोंड दाखवलंस, आता त्याची जीभही दाखव."
"तोच म्हणाला. लोकांना साहेबांचा आवाज माहीत हाय, दुसरा चालायचा नाय." मग, "तुम्ही नाही म्हणालात तर तुमची नक्कल करणारे गावात पुष्कळ आहेत. एकाला बोलावून ठेवलंय."
संवादांचे चार कागद टेबलावर ठेवून स्वयंपाकघरात गेली. परवा दहाला स्टुडिओत.

१० जून
कागद पालथे ठेवले होते. दुपारी सुलटे केले. निर्वात गावात येतो, पारावर लोक बसलेत. एक म्हातारा विचारतो, कोण रे तू? त्यावर नि.चं पहिलं वाक्य :
'माझं नाव सुदाम.'
नीच बाई. तीन शब्द. दुसऱ्या कुणी माझ्या आवाजात म्हणावेत, हेही सोसायचं नाही मला, हे तिला पक्कं ठाऊक आहे.
दार लावून उभा राहिलो. घसा साफ केला. नि.चा आवाज लावला, खालच्या पट्टीतला, तो अजून जसाच्या तसा लागतो. म्हणालो, "माझं नाव"
आत भाजी चिरायचा आवाज थांबला.
कु.नं विचारलं, "पुढे?"