नक्षीपायी फुटलेलं डोकं

आई,

पायरीवरचं रक्त बघून घाबरू नकोस. बाबांना दवाखान्यात नेतेय, ते शुद्धीवर आहेत. घर सरकारच्या वारसा यादीत जाऊच नये, यासाठी समोरची दगडी नक्षी फोडून टाकायची, म्हणून काका घण घेऊन आले. बाबा आडवे गेले. "घर हातचं जाईल, दादा, बाजूला हो!" असं ओरडत काकांनी घण घातलाच. बाबांचा खांदा चेचलाय. माझं डोकं फिरलं. मी फावडं उचललं आणि काकांच्या डोक्यात घातलं. ते पायरीवरच बेशुद्ध पडलेत.

काकूला तूच सांग. यादीत गेलं तरी घर आपलंच राहतं, विकता येतं, आतून हवं तसं बदलता येतं. फक्त रस्त्याकडची बाजू बदलायला समितीची परवानगी लागते. तेही नको असेल तर सुनावणीत हरकत घेता येते. बाबा कधीचे घसा फोडून हेच सांगत होते, पण काका ऐकतील तर शपथ!

पोलीस आले तर मी दवाखान्यात आहे म्हणून सांग. पळाले नाही.

गाडी दारात उभी आहे, आत स्ट्रेचर एकच. बाबा त्यावर झोपायला तयार नाहीत. "आधी माझ्या भावाला घ्या," म्हणतायत.

चिमी