अकोल्याकडची धावपट्टी

गंगापूर रोड, नाशिक
१७ ऑगस्ट १९९८

चि. शरद,

तुला व नलिनीला आशीर्वाद. आईला माझा नमस्कार सांग, ती ऐकून घेणार असेल तर.

माझी प्रकृती चांगली आहे. खोली कोरडी आहे, डबा वेळेवर येतो. काळजी करू नये.

मुलांना विमानांची ओळख करून देणारा नवा वर्ग सुरू झाला. काल मैदानावर फक्कीनं धावपट्टी आखली. तिचं तोंड ज्या दिशेला, त्या दिशेचे अंश जवळच्या दहाच्या पटीत घेऊन शेवटचं शून्य सोडलं की धावपट्टीचा नंबर मिळतो, हे शिकवलं.

हर्षाली नावाची आगाऊ मुलगी म्हणाली, "बाई, तुमच्या अकोल्याकडे तोंड केलं तर कितवा नंबर?"

"आठ." मी होकायंत्र न बघताच सांगितलं.

"मग चला, आत्ताच उडू!"

"वेडी कुठली! विमान वाऱ्याला तोंड देऊन उडतं. सध्या वारा पश्चिमेचा आहे."

"मग तो फिरणार कधी?"

"दिवाळीच्या सुमारास."

मुलं हसत पळाली. मी बराच वेळ तिथेच उभी राहिले.

आई गोळ्या वेळेवर घेते ना?

निवृत्तीनंतर मी घरी राहावं असं तिला वाटत होतं, आणि मी इकडे आले. दहा महिने झाले, ती फोनवर येत नाही. तिचं चुकलं असं मी म्हणत नाही. माझं चुकलं असंही म्हणणार नाही.

दिवाळीचं तिकीट काढू का, एवढं तिला विचार. ती गप्प राहिली तर तसंच कळव. पदरचं काही गोड लिहू नकोस.

तुझी
ताई