वाटणीत आलेला बिल्ला

६ मार्च १९७९, मंगळवार

आजपासून लिहून ठेवणार. कारण एकच. काल मॅनेजर पाटणकरांनी ऑडिटरसमोर, माझ्या तोंडावर सांगितलं, "११४ नंबरबद्दल बाईंनी मला कधी काही कळवलेलं नाही." कळवलं होतं. दिवाळीत, त्यांच्याच केबिनमध्ये, उभ्या उभ्या. तोंडी कळवलं ही माझी चूक. सव्वीस वर्षं हजेरी-पगार खात्यात लोकांना बजावत आले, तोंडी काही घेऊ नका, तोंडी काही देऊ नका. स्वतःच्या वेळी विसरले.

तेव्हा आता सगळं कागदावर. पाटणकर यापुढे नुसते 'मॅ.'. इतकी शाई त्यांच्यावर घालवायची नाही.

झालं ते असं. शुक्रवारी, २ तारखेला, दुसऱ्या पाळीत ओतकाम चालू असताना लोखंडाचा रस सांडून एका कामगाराचा उजवा पाय भाजला. बूट फाटका होता. छातीवर बिल्ला ११४. मस्टरला त्या नंबराचं नाव शिवाजी बापू चौगुले, शिरोळकडचा. भाजलेला माणूस शिवाजी नव्हे. त्याचा धाकटा भाऊ आनंदा.

एका बिल्ल्यावर दोघे भाऊ आलटून पालटून येतात, हे ओतकामात सगळ्यांना माहीत. मला दिवाळीपासून. बोनस वाटताना दोघे एकदमच खिडकीशी उभे राहिले. आनंदा म्हणाला, "दोगांचंबी अंगठं घ्या बाई. पगार म्हैन्याचा असतोय, बोनस वर्साचा हाय की." रांग हसली. मी त्याच दुपारी मॅ.कडे गेले. "बघू," म्हणाले.

बघितलं नाही.

७ मार्च, बुधवार

पगार. खिडकीशी शिवाजी हजर. गावाहून पहिल्या गाडीने आलेला, डोळे लाल.

"फेब्रुवारीत कामावर कोण होतं?"

"आनंदा."

"मग अंगठाही आनंदाचा."

"आवो बाई, नाव माझं हाय की."

"नाव तुमचं, काम त्याचं. पगार कामाचा असतो."

मागून कोणीतरी म्हणालं, "शिवा, तुझा अंगठा दवाखान्यात झोपलाय बघ." शिवाजी बाजूला होऊन भिंतीला टेकून उभा राहिला. तेव्हा मला थोडं वाईट वाटलं. थोडंच.

दुपारी कॅशियरला घेऊन, रजिस्टर बगलेत मारून सरकारी दवाखान्यात गेले. तिथे केसपेपरवर नाव शिवाजी. कामगार विम्याचं कार्ड शिवाजीचं, म्हणून. नर्स 'शिवाजी चौगुले' असं तीनदा ओरडली, शेजारच्या खाटेवरच्याने आनंदाला हलवलं. मला म्हणतो, "दादाचं नाव हाय, माझ्या ध्येनात ऱ्हात न्हाई." पायाची दोन बोटं काढलीत. पाऊल राहील का, डॉक्टर सांगत नाहीत.

रजिस्टर पुढे केलं. त्याने उजवा अंगठा शाईत बुडवला. मी म्हटलं, डावा द्या. पुरुषांचा डावा घेतात, चार वर्षं देताय, माहीत नाही?

"डावा दादाचा हाय बाई."

म्हणजे काय, विचारलं. दोघांनी आपसात ठरवलेलं. शिवाजी पगार घेईल तेव्हा डावा, आनंदा घेईल तेव्हा उजवा. म्हणजे कुठला महिना कोणी घेतला यावर पुढेमागे भांडण नको. चार वर्षं बिनचूक पाळलं.

आणि आमचा कॅशियर आदल्या दिवशीच सगळ्या ओळींपुढे 'नि. डा. हा. अं.' लिहून ठेवतो. निशाणी डावे हाताचा अंगठा. हात कोण बघतो? प्रत्येक पानाखाली सही माझी.

डावा घेतला. खाली माझ्या अक्षरात: आनंदा बापू चौगुले.

८ मार्च

मॅ.ना कळलं. बोलावणं.

"मस्टरवर आनंदा नावाचा माणूसच नाही. तुम्ही पगार दिलात कुणाला?"

"ज्याने काम केलं त्याला."

"बाई, नाव शिवाजीचं राहू दे. औषधपाणी विमा करतोय, पुढे पेन्शनही विमाच देईल. त्यांचं भागतंय, आपलं भागतंय. तुम्हालाच काय टोचतंय?"

अपघाताच्या फॉर्मवर जखमी माणसाचं नाव लिहितात, म्हटलं. यापेक्षा चांगलं उत्तर सुचायला हवं होतं. जिन्यात सुचलं. त्याचा काय उपयोग.

फॅक्टरी इन्स्पेक्टरकडे फॉर्म पाठवायची मुदत केव्हाच उलटली. मॅ.च्या टेबलावर कोरा पडून आहे. वर पेपरवेट.

११ मार्च, रविवार

सकाळी आनंदाची बायको सुशीला घरी आली. पत्ता कुणी दिला विचारलं नाही. डोक्यावर पदर, हातात प्लॅस्टिकची पिशवी, पिशवीत स्टँपपेपर. वाटणीपत्र. चार वर्षांपूर्वी भाऊ वेगळे झाले तेव्हाचं.

विहिरीच्या पाण्याची पाळी कुणाची कधी, म्हशी कुणाकडे, बांधावरचं आंब्याचं झाड कुणाचं. आणि त्याखाली, त्याच अक्षरात: कारखान्याचा बिल्ला नं. ११४, दिवाळी ते अक्षयतृतीया धाकटा, उरलेले दिवस थोरला. पाच पंच, पाचांच्या सह्या.

मी दोनदा वाचलं. म्हटलं, नोकरी अशी वाटणीत घालता येत नाही, ती एका माणसाची असते.

"गावात कुनी चूक म्हनलं न्हाई, बाई. पाण्याची पाळी वाटत्यात की. तशीच ही."

संताप आला तो तिचा नव्हे. या सगळ्या प्रकरणात धड ठेवलेला कागद हा एकच. कोण कुठल्या दिवसांत कामावर, स्वच्छ लिहिलंय. आमच्या मस्टरपेक्षा हे वाटणीपत्र खरं.

चहा घेतला नाही तिने. जाताना म्हणाली, "पाय आमच्या मालकांचा गेला आनि पेन्शन भावजींच्या नावानं? भावजी आज चांगलं हाईत, मी न्हाई म्हनत न्हाई. उद्या त्यांची पोरं म्हनतील, कसला पाय. कुठंतरी ह्यांचं नाव लागू दे."

मी आश्वासन दिलं नाही. देत नसते. पण कागदाची नक्कल करून घेतली.

१२ मार्च

ओळखीच्या वकिलांना विचारून आले. प्रत्यक्ष काम करत असेल तो कामगार, मस्टरला नाव असो वा नसो. विम्यात आनंदाचं नाव नाही, तेव्हा भरपाई कंपनीने द्यायची. म्हणून कोरा फॉर्म आणि वर पेपरवेट. आता कळलं.

शिवाजीच्या नावाने गेलं तर आणखी एक. पुढे पेन्शनसाठी डॉक्टरांच्या मंडळासमोर पाय दाखवायला शिवाजी जाणार. धडधाकट पाय घेऊन. मॅ.नी इतका विचार केलेला दिसत नाही. की केलाय, आणि तोवर आपण इथे नसू असा हिशोब आहे?

१३ मार्च, होळी

अर्धा दिवस काम. ओतकामाचे बाबालाल मिस्त्री यांना गाठलं. तीस वर्षांची नोकरी, कारखान्यात माझ्याहून जुना माणूस हाच.

"तुम्हाला माहीत होतं ना?"

"व्हय."

"मग बोलला का नाहीत?"

"मी साचं मोजतो बाई. नावं मोजायला तुमी हाईसा."

बरोबर बोलला, म्हणून जास्त लागलं. लिहून द्याल का विचारलं, तर रिटायरला दोन वर्षं राहिलीत म्हणाला. मग बराच वेळ तंबाखू मळत बसला. शेवटी टेबलाचा खण उघडून एक तेलकट वही पुढे सारली. बाद मालाची वही. कुठला साचा फुकट गेला, कोणाच्या हातून. चाळली. नोव्हेंबरपासून 'आनंदा चौ.', त्याआधी पावसाळाभर 'शिवा चौ.', पुन्हा त्याआधी आनंदा.

"इथे खरी नावं कशी?"

"शिव्या घालायला खरं नाव लागतंय की, बाई. शिवाच्या नावानं आनंदाला शिव्या घातल्या तर त्याला लागतील व्हय?"

कारखान्यातली एकमेव खरी हजेरी.

"वही कारखान्याची हाय," म्हणाला. "तुमी बगितलीसा तर मी काय करनार."

१६ मार्च, शुक्रवार

कंपनी पब्लिक करायची आहे. शेअर विकायचे म्हणजे पुण्याच्या ऑडिटरना सगळं लेखी हवं. आज माझ्यापुढे टाइप केलेला दाखला आला: मस्टरवरील प्रत्येक इसम प्रत्यक्ष कामावर होता, बिल्ला व अंगठा मी स्वतः पडताळून पगार अदा केला. खाली माझं नाव, सहीला जागा.

मॅ. म्हणाले, "नुसती सही. दर महिन्याला करताच की रजिस्टरवर."

हे खरं आहे. चार वर्षांच्या अठ्ठेचाळीस पानांवर तेच म्हणत आलेय. बी.ए.ला अर्थशास्त्र घेतलं तेव्हा वर्गात आम्ही तीन मुली. मुलींना आकडे जमतात का हे बघायला बाकीचे टपलेले. तेव्हापासून बेरीज कधी चुकू दिली नाही. बेरीज कधीच चुकली नव्हती. माणूस चुकला होता.

खिडकीतून हात दिसतो. बघायला हवा होता.

सही केली नाही. विचार करते म्हटलं. विचार करायचा काही उरला नव्हता. भ्याले, एवढंच.

२० मार्च

शिवाजी आला. जेवणाच्या सुट्टीत, डबा उघडा असताना. बसा म्हटलं, बसला नाही.

"बाई, खरं लिवलासा तर माझी नोकरी जाती. खोटं लिवलासा तर त्याचा पाय फुकट जातोय. मधलं काय लिवता येत न्हाई?"

"नाही."

"तुमी शिकल्याली मानसं. आसंल की कायतरी."

शोधलंय मी. चार रात्री तेच केलंय. त्याला सांगितलं नाही.

मग आपणच म्हणाला, "साहेबांनी मला बोलावलंतं. म्हनले, बाईंना सांग, तूच भाजलास म्हनून. मी म्हनलो, माझा पाय बगा की साहेब, चालत आलोय मी." आणि हसला. मी डब्यातली अर्धी पोळी दिली. घेतली त्याने.

तो म्हणाला नाही की आनंदाचं नाव लिहा. लिहू नका असंही म्हणाला नाही. जाताना चप्पल हातात घेऊन गेला. तुटली होती.

२१ मार्च

डॉक्टरांनी पाऊल काढायचं ठरवलं. केसपेपरवर अजून शिवाजी. संमतीच्या कागदावर अंगठा घेतला तो आनंदाचा. कुठला अंगठा, विचारायला हवं.

विचारलं. उजवा.

२२ मार्च

अपघाताची नोंदवही माझ्या ताब्यात असते, फॉर्म मॅ.च्या. माझ्या ताब्यातलं मी भरलं. जखमीचं नाव: आनंदा बापू चौगुले. मस्टरला नाव नाही. बिल्ला ११४ वर कामास होता. आधार: पगाराचं पान ७ मार्च, बाद मालाची वही, वाटणीपत्राची नक्कल. मग स्वतःबद्दलही: सदर प्रकार दिवाळीत माझ्या लक्षात आला, मी तो लेखी कळवला नाही, त्यापूर्वी चार वर्षं अंगठा घेताना हात तपासला नाही. हे वाक्य दोनदा खोडून तिसऱ्यांदा लिहिलं. वहीत खाडाखोड चालत नाही. चालवून घ्यावी लागेल.

नोंदीची नक्कल फॅक्टरी इन्स्पेक्टरना रजिस्टर पोस्टाने पाठवली, पोचपावतीसह. मॅ.ना तशी लेखी चिठी दिली. यावेळी लेखी.

२४ मार्च

अपेक्षेप्रमाणे हुकूम. 'कामाच्या सोयीसाठी' माझी बदली भांडारात. ३१ला चार्ज द्यायचा. घेणार मॅ.चे मेव्हणे, कुलकर्णी. वाणिज्य पदवीधर, वय सव्वीस, पेन दोन.

बाबालालना वही मागायला गेले. दिली. नुसतं बोटाने शेवटचं पान दाखवलं. त्यावर कालची तारीख टाकून त्याने मराठीत सही केलेली: 'वहीतील नावे बरोबर आहेत.' 'नावे'तला वे उलटा काढलाय.

२९ मार्च

पोचपावती नाही. पोस्टात जाऊन आले. दोन दिवस थांबा म्हणाले.

सुशीला दवाखान्याच्या पायरीवर भेटली. हातात तीच प्लॅस्टिकची पिशवी.

३१ मार्च, शनिवार

चार्ज दिला. यादी मी केली, दोन प्रतींत:

पगार रजिस्टरं, चार वर्षांची. ७ मार्चच्या पानावर ओळ ११४ला आनंदा चौगुलेचा डावा अंगठा आहे, तो तसाच.
मस्टर, चालू.
कपाटाच्या किल्ल्या, दोन. एक वाकडी.
बाद मालाची वही, एक, मिस्त्रींच्या सहीसह.
वाटणीपत्राची नक्कल.
ऑडिटरसाठीचा दाखला, एक, सही न करता, आला तसा परत.
अपघाताची नोंदवही, एक. शेवटची नोंद २२ मार्च, जखमी इसम आनंदा बापू चौगुले.

तळाशी नेहमीची ओळ टाइप केली होती: वरील सर्व वाचून ताब्यात घेतले.

कुलकर्ण्यांनी यादी वरपासून खालपर्यंत बोट फिरवून पाहिली. शेवटच्या बाबीवर थांबले. मॅ.च्या केबिनकडे बघितलं. दार बंद होतं. मग पेन काढून 'वाचून' हा शब्द खोडला, शेजारी छोटी सही केली, आणि खाली मोठी.

प्रत माझ्याकडे आहे. पोचपावती आलेली नाही.