पहिल्या नातवाचं नाव

१२ मे
संपलं सगळं! लेफ्तेरिस आला, कॉफी प्यायला आणि जाता जाता दारातून म्हणाला, "बाबा, दनाई पोराचं नाव आल्किव्हियादिस ठेवू म्हणतेय." आणि पळाला! आमच्या कलामातात पहिल्या मुलाला बापाच्या बापाचं नाव मिळतं. म्हणजे माझं — आर्गिरिस. सूनबाई शाळेत प्राचीन ग्रीक शिकवतात, त्याची ही फळं!

१३ मे
वीट आलाय या प्राचीनांचा. नळवाल्याचं दुकान 'पोसिडोन', धोब्याचं 'अपोलोन', खालची जिम 'स्पार्टा' — तिथे येणाऱ्यांची पोटं बघावीत! आणि हा आल्किव्हियादिस कोण? आधी अथेन्सचा, मग स्पार्टाचा, मग इराण्यांचा. जिकडे घुगऱ्या तिकडे उदोउदो! असलं नाव माझ्या नातवाला?

१९ मे
सूनबाईंशी शांतपणे बोललो. निदान पहिली दोन वाक्यं. ती म्हणते, "बाबा, आजोबांचं नाव नातवाला द्यायची रीत तरी कुणाची? त्या प्राचीनांचीच." म्हटलं, मग पाळ ना! तर नुसती हसली.

एव्हान्थिया उलट माझ्यावरच उखडली. "जन्मभर दुकानात वस्तरा घेऊन गावाची हजामत केलीस, आता पोरांची नको करूस!" बायको म्हणे माझी.

२६ मे
एव्हान्थियाने आमच्या थोरल्या मुलाच्या फोटोपुढचा दिवा घासून लख्ख केला. थोरला समुद्रात बुडाला, तेव्हापासून त्याचं नाव या घरात कुणी घेत नाही. मी इथेही लिहीत नाही. तो असता तर वाद न घालता त्याच्या पोराला माझं नाव दिलं असतं त्याने.

२ जून
बाप्तिस्म्याला जाणार नाही. ठरलं.

३ जून
लेफ्तेरिस परत आला. "बाबा, या. एवढंच मागतो." डोळे लाल. काय करणार? जाईन. मागे उभा राहीन.

९ जून
पाद्रीबाबांनी नाव विचारलं. दनाईची बहीण धर्ममाता, नाव तिनेच सांगायचं. तिने पोराला छातीशी धरलं, एव्हान्थियाकडे पाहिलं आणि मोठ्याने म्हणाली — "स्टाथिस."

आमच्या थोरल्याचं नाव.

दनाई रडत होती. "आधी सांगितलं असतं तर तुम्ही नको म्हणाला असतात, बाबा. म्हणून ते दुसरं नाव पुढे केलं." म्हटलंच असतं मी.

घरी आल्यावर हाक मारून पाहिली. स्टाथिस! एव्हान्थिया स्वयंपाकघरात होती, भांडी खाली ठेवून तिथेच बसली.

माझं नाव पुढच्याला ठेवा. नाहीतर आल्किव्हियादिस ठेवा, माझी हरकत नाही.