वळणावरची जागा

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकाहत्तर, बस डेपोतून निवृत्त झालेली तिकीट तपासनीस, हे मृत्युपत्र राजीखुशीने आणि पूर्ण शुद्धीत लिहून ठेवत आहे. माझ्यावर कोणाचंही दडपण नाही. छातीत धडधडतंय ते उद्याच्या शर्यतीमुळे. उद्या सकाळी मी ज्येष्ठांच्या चारशे मीटरमध्ये धावणार आहे, म्हणजे मैदानाची एक अख्खी फेरी, आणि आनंदाने कालपासून घशाखाली घास उतरत नाही.

मृत्युपत्र आजच का, तर माझ्या मुलामुळे. तो म्हणाला, "आई, तिथे तुला काही झालं तर आम्ही काय करायचं?"

मी म्हटलं, "काय करायचं ते लिहून ठेवते."

"मी बघायला येणार नाही, आत्ताच सांगतो," म्हणून जो तरातरा गेला, तो आठवडाभर इकडे फिरकलेला नाही. डॉक्टरांनी मला नीट तपासून परवानगी दिली आहे, पण मुलापुढे डॉक्टरांचं काय चालणार!

कलम १. राहतं घर माझं स्वकष्टार्जित आहे. ते मुलगा आणि मुलगी यांना समसमान मिळावं. भांडायचं असेल तर दोघांनी आधी तिसऱ्या मजल्यापर्यंत न थांबता जिना चढून यावं, मग भांडावं. दम उरणार नाही.

कलम २. बँकेतली शिल्लकही तशीच. ती थोडी कमी दिसेल, कारण परवाच मी धावायचे बूट घेतले. भडक केशरी आहेत. ते कोणालाही देणार नाही, झिजवूनच जाईन.

कलम ३. गॅलरीतली फिरती खुर्ची मुलीला. माझे बाबा न्हावी होते, आणि ही त्यांच्या दुकानातली खुर्ची. याच खुर्चीत बसवून त्यांनी माझी कमरेपर्यंतची वेणी कापली, कारण धावताना ती पाठीवर आपटायची. आत्या कडाडली, "घराण्याचं नाक कापलंस!" बाबा शांतपणे म्हणाले, "ताई, आपल्या दुकानात फक्त केस कापतात." आत्याला मी अजून माफ केलेलं नाही, आणि मृत्यूनंतरही करणार नाही.

कलम ४. बाबांची कात्री मुलाला. त्या कात्रीने कागद कापू नये, धार जाते. शर्यतीच्या दिवशी बाबा दुकान बंद ठेवायचे आणि कात्री खिशात घालून मैदानावर यायचे. सगळ्यांचे बाप शेवटच्या रेषेपाशी उभे, माझे मात्र शेवटच्या वळणावर. म्हणायचे, "रेषेवर टाळ्या वाजवायला परकेही असतात गं. पाय जड होतात तिथे घरचं माणूस हवं." ओरडलेलं गर्दीत ऐकू जात नाही, म्हणून ते दोरीला टेकून कात्री वाजवायचे. कचकच, कचकच. मी जवळ आले की हात जलद चालायचा, आणि माझे पाय त्या तालावर पळत सुटायचे. मुलाने हे लहानपणापासून शंभरदा ऐकलं आहे. काय पळायचे मी! डेपोतही विनातिकीट पळालेला कोणी माझ्या हातून सुटला नाही, तो त्याच पायांमुळे.

कलम ५. लांबडीने जिंकलेल्या मोठ्या कपावरचा माझा दावा मी सोडत आहे. लांबडी म्हणजे तेव्हाची माझी प्रतिस्पर्धी आणि आताची जिवाभावाची मैत्रीण. उद्या ती माझ्या शेजारच्या लेनमध्ये आहे. कपाच्या त्या शर्यतीला बाबा तापाने फणफणले होते, आले नव्हते. वळण आलं, कात्री वाजली नाही, आणि मी वेड्यासारखी मान वळवून शोधत राहिले. तेवढ्यात लांबडी निघून गेली. इतकी वर्षं मी म्हणत आले की कप माझा होता. नव्हता. तिचाच होता.

कलम ६. शेवटच्या वळणावरची बाबांची जागा मी मुलाच्या नावे करत आहे. मला मरणाची भीती नाही. वळण येईल आणि तिथे आपलं कोणी नसेल, याची आहे. जागा रिकामी राहिली तरी मी धावणारच, पण ती त्याने घ्यावी अशी माझी फार इच्छा आहे.

ठिकाण: राहतं घर, तिसरा मजला.
दिनांक: शर्यतीचा आदला दिवस, संध्याकाळ.
सही: लिहून देणार.
साक्षीदार: १) डॉक्टर (लिहून देणार शुद्धीत आहे, हळू धावायला सांगितलं आहे, ऐकणार नाही). २) लांबडी (तिला यातून काहीच मिळत नाही, म्हणून ती साक्षीला चालते).

पुरवणी. सह्यांची शाई वाळायच्या आत जिन्यावर पावलं वाजली. मुलगा दारात, धापा टाकत. डॉक्टरांकडे बघितलं नाही, लांबडीकडे बघितलं नाही. म्हणाला, "आजोबांची कात्री कुठेय?" मी दिली. त्याने हवेत चालवून पाहिली. "अशी?"

"जलद."

"अशी?"

"अजून जलद, बाळा."

"आणि उभं कुठे राहायचं?"

मी खिडकीच्या काचेवर बोटाने मैदान काढून वळण दाखवलं.

सबब कलम ४ आणि कलम ६ मी खोडत आहे. त्यातलं दोन्ही मी आज जिवंतपणीच देऊन टाकलं.

खाडाखोडीवर साक्षीदारांच्या पुन्हा सह्या: डॉक्टर. लांबडी (रडते आहे, तरी उद्या सोडणार नाही म्हणते).